दोन दिवस पाण्यात

९ जानेवारी

प्रिय ठिपके,

हातातलं काम ठेव, बस, मग वाच. बातमी वाईट नाही, पण उभ्याने वाचायचीही नाही.

मामीच्या शस्त्रक्रियेला उद्या तीन आठवडे होतील. छातीतली गाठ काढलेली जागा कोरडी आहे, ताप नाही. त्या बाजूचा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, म्हणून फळीवरचे डबे मी काढून देतो. ती खालून ओरडते, "तो नव्हे, त्याच्या शेजारचा!" मला ऐकू येत नाही, मग मी एकेक करत सगळेच खाली आणतो. काल नुसती साखर हवी होती, तर ओट्यावर अख्खं स्वयंपाकघर उतरलं.

परवा तू फोन केलास आणि मी "हो हो" म्हणालो. खरं सांगतो, एक अक्षर कळलं नाही. अडतीस वर्षं गिरणीच्या डाइंग खात्यात यंत्रांच्या धडधडीत कापड रंगवलं, दोन्ही कान तिथेच ठेवून आलो. मामी समोर असली की माझ्याकडे तोंड करून पुन्हा सांगते, तिच्या ओठांवरून मला कळतं. फोनला ओठ नाहीत. तेव्हा पत्रच लिही, आणि अक्षर मोठं काढ.

गाठीचा रिपोर्ट सोबत जोडलाय. शब्दकोश घेऊन मी तीन दुपारी त्याच्याशी झटापट केली. शेवटी एक ओळ आहे, कसल्याशा रिसेप्टरपुढे शून्य. मला वाटलं, बरंच झालं, जे नसावं ते नाही. पण डॉक्टरीणबाईंनी ते वाचून मान हलवली आणि म्हणाल्या (हे मामीने सांगितलं), "मग ते इंजेक्शन यांना नाही." कसलं इंजेक्शन, का नाही, हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आलासुद्धा.

तू त्या मोठ्या हॉस्पिटलात दिवसभर हेच करतेस ना, गाठींचे तुकडे रंगवायचं? आमच्या घरी राहायला आलीस त्याच आठवड्यात माझ्या निळ्या रंगात बोटं बुडवून भिंतभर ठिपके काढले होतेस, तेव्हाच ओळखायला हवं होतं. तर सांग, शून्य चांगलं की वाईट?

काढलेल्या गाठीची बरणी तपासायला प्रयोगशाळेत मीच नेऊन दिली होती. त्यात काही अडचण आली नाही.

दमलोय गं. काही केलेलं नसताना दमलोय, हे दमणं नवीनच आहे.

तुझा मामा

---

१६ जानेवारी

मामा,

नमस्कार घ्या आणि चष्मा पुसून घ्या, अक्षर मोठं असलं तरी पत्र लांब आहे.

शून्य चांगलंही नाही आणि वाईटही नाही. शून्य म्हणजे एक औषध हातचं गेलं, एवढंच.

आपल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर बारीक बारीक कान असतात असं समजा. त्यांना रिसेप्टर म्हणतात. बाहेरून निरोप येतो, "वाढ." कान तो ऐकतो, आत पोचवतो आणि एका पेशीच्या दोन होतात. निरोप थांबला की काम थांबतं. मामीची जखम भरली ती अशीच.

तुमच्या रिपोर्टात ज्याचं नाव आहे तो कान जरा विचित्र आहे. त्याला स्वतःला काहीच ऐकू येत नाही. शेजारच्या कानाचा हात धरला की मग दोघं मिळून निरोप आत नेतात. हसू नका, मलाही पहिल्यांदा शिकताना तुम्ही दोघंच आठवला होतात.

आता, काही गाठींमध्ये हा कान भलताच उगवतो. हजारांत असायचे तिथे लाखांत. एवढी गर्दी झाली की ते एकमेकांचेच हात धरतात आणि बाहेर कुणी काही बोललेलं नसताना आत ओरडत सुटतात, वाढ, वाढ, वाढ. तसली गाठ फार घाईची असते. पण तिच्यावर औषध निघालंय, ते नेमकं त्या कानांत बोळा घालतं. कान जास्त असले तरच उपयोग. ज्या गाठीला शून्य, तिथे बोळा घालणार कुठे?

माझं काम म्हणजे तुकड्याचे केसाहून पातळ काप काचेवर घ्यायचे आणि असा रंग द्यायचा, जो फक्त त्या कानांना चिकटतो. कान भरपूर असले की पेशीभोवती तपकिरी कडं उमटतं. त्यावरून शून्य ते तीन असा आकडा द्यायचा. दिवसाला साठ काचा असतात. घरी जाते तेव्हा भिंतही तपकिरी दिसते.

एक गोष्ट मात्र मला बसत नाही. मामीची गाठ चार महिन्यांत लिंबाएवढी झाली. एवढी घाई, आणि शून्य? असू शकतं. पण मला ते माझ्या डोळ्यांनी पाहायचंय. उरलेला तुकडा प्रयोगशाळेत मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो. तुम्ही अर्ज केलात तर देतील, कुरिअरने पाठवा. तोवर केमो ठरल्यासारखी सुरू होऊ दे, माझ्यासाठी थांबवू नका.

बरणी तुम्ही नेलीत हे वाचून जीव भांड्यात पडला. तुमच्या हातून गेली म्हणजे नीटच गेली असणार.

तुमची ठिपकी

---

२४ जानेवारी

प्रिय ठिपके,

ठोकळा पाठवलाय. मला वाटलं होतं मेणाचा म्हणजे विटेएवढा असेल. निघाला काडेपेटीहून लहान. एवढ्याशात आपलं माणूस.

प्रयोगशाळेत काउंटरवर एक जाड चष्मेवाला आहे. भला माणूस. अर्ज मी चुकीच्या ठिकाणी भरला तर त्याने स्वतः दुसरा भरला, आणि मला बसायला स्वतःचं स्टूल दिलं. स्वतः तासभर उभा.

केमोची पहिली खेप झाली. चार दिवस मामीने पाणीसुद्धा शिवी दिल्यासारखं प्यायलं. पाचव्या दिवशी उठली आणि म्हणाली, "घरात कसला वास येतोय?" म्हणजे बरी आहे. केस जाणार म्हणतात. ती म्हणते, जाऊ देत, चाळीस वर्षं त्यांचा गुंता सोडवून कंटाळा आला.

तुझं ते कानांचं मी तिला वाचून दाखवलं. मला दोन आहेत ते चालत नाहीत आणि त्या गाठीला लाखांनी, हा न्याय कुठला, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "तुम्हाला चालत नाहीत हे बरंय, नाहीतर मी बोलले ते सगळं ऐकू आलं असतं."

पण एक विचारतो. असला घातकी कान शरीराला मुळात हवाच कशाला? तो नसताच तर?

बरणीचं वगैरे जाऊ दे. झालं ते झालं.

तुझा मामा

---

३ फेब्रुवारी

मामा,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. तो कान नसता तर तुम्ही, मी, मामी, कुणीच जन्मलो नसतो. आईच्या पोटात हृदय बांधलं जातं तेव्हा त्याच्या पेशी याच कानाने निरोप ऐकतात. उंदरांत हा कान काढून टाकून पाहिलाय. पिल्लाचं हृदय नीट बांधलंच जात नाही, ते पोटातच जातं. तिथे तो ऐकतो, काम करतो, "पुरे" म्हटलं की गप्प बसतो. गप्प बसायचं विसरला की त्याचाच रोग होतो.

आता अवघड ते.

ठोकळ्याचे नवे काप काढून मी रंग दिला. शून्यच आलं. मग शेजारच्या कापाला दुसऱ्या एका खुणेचा रंग दिला. ती खूण निरोगी पेशींतही असतेच असते, म्हणजे गाठीच्या कडेला जो चांगला भाग राहिलाय तिथे तरी रंग यायलाच हवा. तोही कोरा. पेशींच्या कडा विरघळल्यासारख्या, फुगल्यासारख्या. मामा, तुमच्या भाषेत सांगायचं तर कापड आधीच बिघडलं होतं, म्हणून रंग धरला नाही. ते शून्य हे उत्तरच नाही. त्या गाठीला कान होते की नव्हते, ही काच सांगूच शकत नाही.

शरीरातून काढलेला तुकडा तासाभरात फॉर्मलिन नावाच्या द्रवात पडावा लागतो आणि त्यातच राहावा लागतो. नाहीतर तो सडायला लागतो. रिपोर्टवर शस्त्रक्रियेची तारीख शुक्रवारची आहे आणि प्रयोगशाळेत बरणी आल्याची नोंद सोमवारची. मधले दोन दिवस ती कुठे होती?

तुम्ही शुक्रवारीच दिलीत ना? किती वाजता? कुणाच्या हातात? मला तर वाटतं तुमच्या त्या भल्या चष्मेवाल्याने ती कुठेतरी कोपऱ्यात ठेवली आणि सोमवारी आठवली. स्टूल देणं सोपं असतं. मी त्यांच्या प्रमुखांना लिहिणार आहे. मामीच्या जिवाशी खेळ आहे हा. त्या माणसाला काउंटरवर ठेवता कामा नये.

तुमचं उत्तर आलं की लिहीन. लवकर कळवा.

ठिपकी

---

७ फेब्रुवारी

प्रिय ठिपके,

शुक्रवारीच दिली. वेळ आठवत नाही. चष्मा होता बहुतेक. पुढचं त्यांचं त्यांना ठाऊक.

मामीला यातलं काही कळवू नकोस. दुसरी खेप झाली आहे. बरी आहे.

मामा

---

१३ फेब्रुवारी

ठिपके,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय. मागचं पत्र फाडून टाक.

आज मामीचा रक्ताचा रिपोर्ट आणायला गेलो. चष्मेवाला काउंटरवर नव्हता. आत प्रमुखांच्या खोलीत उभा होता, दार अर्धं उघडं. आतलं मला काय ऐकू येणार? पण मुकादमासमोर उभ्या राहिलेल्या माणसांच्या पाठी मी अडतीस वर्षं पाहिल्यात. काही न केलेल्या माणसाची पाठ मला कळते. केलेल्याचीही कळते, ती मी रोज घेऊन हिंडतोय.

बरणी शुक्रवारी दिली नाही. ऐक आता.

सव्वातीनला त्यांनी बरणी माझ्या हातात दिली, वर एक कागद. मास्क लावलेल्या नर्सबाई काहीतरी सांगत होत्या. एरवी मामी शेजारी असते. त्या दिवशी माझा कान आत टेबलावर पडलेला होता. मी "हो हो" म्हणालो.

प्रयोगशाळा रस्त्यापलीकडे. चार मिनिटांचं काम. पण मामीला बाहेर आणतील आता, असं कुणीतरी खुणेने सांगितलं, आणि माझे पाय हलेनात. म्हटलं, आधी तिचा चेहरा पाहू, मग जाऊ. तिला आणलं चार वाजता. चेहरा पाहिला. डोळे मिटलेले, ओठ कोरडे. मग पलीकडे गेलो तर कुलूप. सोमवारी उघडणार.

घरी येऊन पिशवी उघडली तर आत सगळं ओलं. झाकण नीट बसलं नव्हतं. असा वास, की डोळ्यांतून पाणी आलं. बरणी निम्मी रिकामी आणि तुकडा वरून उघडा पडलेला. आता मी कोण? रंगारी. धुतलेलं कापड रंगाच्या टाकीत जाईपर्यंत अर्धवट वाळू द्यायचं नाही, वाळलं की डाग पडतो, म्हणून ते साध्या पाण्याखाली बुडवून ठेवायचं. हात आपोआप चालले. उरलेलं ते झोंबणारं पाणी मी ओतून दिलं आणि बरणी नळाच्या स्वच्छ पाण्याने गळ्यापर्यंत भरली. पाण्यात कापड उन्हाळ्यात कुजतं, हेही मला ठाऊक, म्हणून फ्रीजमध्ये ठेवली, दुधामागे. रविवारी पाणी गढूळ दिसलं तर बदललंसुद्धा.

सोमवारी नेऊन दिली. चष्मेवाल्याने काहीतरी विचारलं. मी "हो हो" म्हणालो.

तुझं तीन तारखेचं पत्र वाचलं तेव्हा "कापड आधीच बिघडलं होतं" या ओळीवर मी थांबलो. तुला समजावून सांगायची गरजच नव्हती. जन्मभर मी पोरांवर ओरडलो, दिवसचे दिवस पाण्यात पडून राहिलेल्या कापडाच्या थानाला रंग बसत नाही, मग रंगाला नावं ठेवू नका. आणि घरचं एकच थान माझ्या हातात आलं.

मी भ्यालो. मामी काय म्हणेल याला नाही. माझ्या हातून तिचं औषध गेलं, या वाक्याला भ्यालो. ते वाक्य दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर लागत असेल तर लागू दे, असं सहा दिवस वाटलं. मला माफ कर म्हणत नाही. आधी त्या माणसाचं बघ. आजच्या आज.

आणि एक विचारतो. थान बिघडलं तर आम्ही नमुन्याचं कात्रण शोधायचो. रंगवण्याआधी कापलेलं, कपाटात टाचून ठेवलेलं. ऑक्टोबरात आमच्या गल्लीच्या टोकाच्या छोट्या दवाखान्यात मामीच्या गाठीत सुई घालून सुतळीच्या तंतूएवढा तुकडा काढला होता, कॅन्सर आहे की नाही एवढंच बघायला. तो त्यांनी माझ्यासमोर तिथल्या तिथे बरणीत टाकला. त्याला मी हात लावला नव्हता. असलं कात्रण ते ठेवतात का गं?

मामा

---

१८ फेब्रुवारी

मामा,

पत्र वाचलं आणि ते ड्रॉवरमध्ये टाकून मी कामाला लागले. चूक झाली याचा राग नव्हता. असल्या बरण्या मीही पाहिल्यात. राग "चष्मा होता बहुतेक" याचा आला. ज्या माणसाने मला लहानपणी कबूल केल्याशिवाय जेवायला बसू दिलं नाही, त्याने हे लिहावं.

तुमचं मागचं पत्र अकराला मिळालं आणि मी त्याच दुपारी त्यांच्या प्रमुखांना कळवून मोकळी झाले होते. काल फोन करून तक्रार मागे घेतली, चूक घरची होती असं सांगितलं. ते म्हणाले, बरं. एवढंच. त्या गृहस्थांशी बोलू द्या म्हटलं तर ते रजेवर होते. त्यांना तुम्ही भेटा. तुमच्या तोंडाने सांगा.

आणि मामीलाही तुम्हीच सांगायचं. मी सांगणार नाही.

आता माझं. त्या शुक्रवारी मला रजा मिळत होती. साठ काचा आहेत, माझ्या जागी कोण, असं म्हणून मी आले नाही. फोनवर तुम्हाला "काही लागलं तर सांगा" म्हणाले, आणि तुम्ही "हो हो" म्हणालात. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही हे मला वीस वर्षं माहीत आहे. मला ते "हो हो" सोयीचं होतं. मी आले असते तर बरणी माझ्या हातात असती. त्यामुळे राग अर्धा तुमच्यावर, अर्धा माझ्या स्वतःवरच.

कात्रण ठेवतात, मामा. दहा-दहा वर्षं ठेवतात. माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि मी यात शिकलेली म्हणे. दवाखान्याला कळवलंय. तुकडा बारीक आहे, दोनच काप निघतील. वाया गेले तर तिसरा नाही.

ठिपकी

---

२७ फेब्रुवारी

मामा,

रंग धरला.

काल अकराच्या सुमाराला काच लावली. आधी निरोगी कडा पाहिल्या, दुसरी खूण नीट उमटलीय, म्हणजे तुकडा शाबूत. मग गाठीकडे सरकले. एकेका पेशीभोवती गडद तपकिरी कडं, कड्याला कडं लागून जाळीच जाळी. आकडा तीन. आमच्या बाईंना दाखवलं, त्यांनीही तीन बोटं वर केली.

मी मोठ्याने "आलं!" म्हणून ओरडले आणि मग मला लाज वाटली. तीन म्हणजे ती गाठ घाईच्या जातीची. तसलं काही मामीच्या अंगात होतं याचा मी आनंद करत होते. पण काय करणार, बोळा घालायला कान तर सापडले.

रिपोर्ट डॉक्टरीणबाईंना थेट पाठवलाय. आता दोन गोष्टी नीट वाचा आणि मामीलाही वाचून दाखवा.

एक. पोटात असताना ज्या कानाने तिचं हृदय बांधलं, तो कान हृदयावर अजून आहे, थोडासा, राखणीला ठेवल्यासारखा. हे औषध त्याच्यातही बोळा घालतं. काहींचं हृदय त्याने मंदावतं. म्हणून आधी हृदयाची तपासणी, मग इंजेक्शन, आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. जिना चढताना दम लागला, पाय सुजले, तर लगेच सांगायचं. "थोडंसंच आहे" म्हणून मामी लपवेल. तुमच्या घरात ती सवय आहे.

दोन. गेलेल्या आठवड्यांचं काय, हे मला माहीत नाही. इथले डॉक्टर म्हणतात, केमो चालू होती, फार उशीर झालेला नाही. छातीवर हात ठेवून कुणी सांगत नाही. मीही सांगणार नाही.

मी पुढच्या महिन्याच्या शेवटी येते. रजा मागितली नाही, सांगितली.

तुमची ठिपकी

---

२२ मार्च

प्रिय ठिपके,

बसून वाच म्हणत नाही. उभ्याने वाचलंस तरी चालेल.

मामीला सांगितलं. तुझं पत्र आलं त्याच दुपारी, तिच्यासमोर खुर्ची ओढून, तिला माझं तोंड दिसेल आणि मला तिचं, असा बसलो. सगळं सांगितलं, कुलूप, फ्रीज, दुधामागची बरणी, सगळं. तिचे ओठ हललेच नाहीत. मला वाटलं आता दिसायचंही बंद झालं.

दोन दिवस ती बोलली नाही. म्हणजे मला कुणाचंच बोलणं कळलं नाही. दूधवाल्याला मी आपला "हो हो" म्हणालो, तर त्याने चार लिटर ओतलं. ते बघून ती तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पाणी बदललंतसुद्धा?"

"हो."

"रविवारी?"

"हो. गढूळ झालं होतं."

"म्हणजे मी तिकडे हॉस्पिटलात, आणि तुम्ही घरी माझीच उस्तवार करत होतात म्हणायची," असं म्हणून ती हसायला लागली, आणि मग हसणं राहिलं बाजूलाच. बराच वेळ. मी चार लिटर दूध तापवत उभा राहिलो. दुसरं काय करणार?

हृदयाची तपासणी झाली. पडद्यावर ते लुकलुकताना दिसलं. मी तंत्रज्ञबाईंना विचारलं, हेच का ते, आईच्या पोटात बांधलेलं? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मामीने माझा शर्ट ओढला. एका ठोक्याला अठ्ठावन्न टक्के रक्त बाहेर ढकलतं असं निघालं, चालेल म्हणाले. पहिलं इंजेक्शन मंगळवारी झालं. दीड तास थेंब थेंब. मी थेंब मोजायला लागलो आणि दोनशेच्या पुढे झोप लागली. जागा झालो तर मामी जागी होती, माझ्या अंगावर तिचीच शाल. जिना चढताना मी मागून तिच्या पाठीकडे बघतो, दम लागतोय का. ती मध्येच थांबून वळते आणि म्हणते, "मोजताय?" दमते ती. मीही दमतो. पण आता कशाने ते माहीत असतं.

चष्मेवाल्याला भेटलो. स्टूल पुढे केलं त्याने, मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. त्याने चष्मा पुसला. मग त्याने कागद घेऊन त्यावर लिहिलं, मला ऐकू येत नाही हे त्याला आता ठाऊक आहे. तो कागद माझ्याकडे आहे. लिहिलंय: "आजोबा, महिन्याला अशा दोन-तीन येतात. कुणी पाणी घालतं, कुणी मीठ. एकाने तर अत्तर घातलं होतं. सांगत कुणीच नाही. मग आमच्याकडून शून्य लिहिलं जातं."

ते वाचून मी घरी आलो आणि माळ्यावरून जुने पुठ्ठे काढले. थानांना आम्ही टॅग बांधायचो, कुठला रंग, किती वेळ, काय करायचं नाही. तसे कापले. ते बरणीच्या गळ्यात बांधायला हॉस्पिटलने हो म्हटलंय, आणि हे मी लेखी घेतलंय, "हो हो" वर सोडलेलं नाही. त्यावर मी लिहितो:

यात पाणी घालू नका.
गळाली तर लगेच परत आणा.
प्रयोगशाळा चारला बंद होते. आधी ही बरणी पोचवा. तुमचं माणूस तुमची वाट पाहील.

मामी टॅगला दोरे ओवते. डॉक्टरीणबाईंनी त्या हाताला व्यायाम सांगितलाय, आणि नुसता हात वरखाली करायला तिला मूर्खपणा वाटतो. काल तिने फळीवरून पुठ्ठ्यांचा गठ्ठा स्वतः उतरवला.

आज सकाळी पहिले वीस टॅग तिने उलटसुलट करून पाहिले आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "अक्षर मोठं काढा. हातात बरणी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला त्या वेळी काही ऐकू येत नसतं."

परत काढतोय.

तुझा मामा